लिनक्स अपग्रेड झालं आणि मराठी टायपिंग थांबलं: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सोप्या भाषेत

विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. त्याआधी काही महिने, मे 2025 मध्ये, उबंटू 20.04 या लिनक्सची पाच वर्षांची मुदतही संपली होती. एकीकडे जुने संगणक विंडोज सोडून लिनक्सवर येऊ लागले, दुसरीकडे आधीपासून लिनक्सवर असलेल्यांना अपग्रेड करणं भाग पडलं. गोव्यातल्या डिचोली, सांखळी, फोंडा या पट्ट्यातली वाचनालयं, शाळा, वकिलांची आणि हिशेबनिसांची छोटी ऑफिसं यांचे संगणक मी बघतो. तेव्हापासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत कानावर येते: अपग्रेड सुरळीत झालं, एकही एरर आली नाही, पण कालपर्यंत चालणारं काहीतरी आज चालत नाही.

कुणाचं मराठी टायपिंग थांबलेलं असतं. कुणी नेहमीची कमांड दिली की ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जावा सापडत नाही. रात्रीचा बॅकअप होत नाही आणि ते आठवड्याने कळतं. हे चार वेगळे बिघाड वाटतात, पण त्यांच्यामागे बऱ्याच वेळा कारण एकच असतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स लिहिलेली असतात तिथेच आहेत, पण ज्या प्रोग्रॅमला ती हवीत त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

संगणक दुकानात नेला तर बहुधा ‘फॉरमॅट मारूया’ असं ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. फॉरमॅटमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, शब्दकोशात घातलेले मराठी शब्द, मुश्किलीने बसवलेला प्रिंटर, सगळं जातं. वर मूळ कारण कळलेलंच नसतं, म्हणून पुढच्या अपग्रेडला पुन्हा तेच. थोडं समजून घेतलं तर हा बिघाड घरच्या घरी शोधता येतो.

एक सूचना आधीच: कमांडची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

व्हेरिएबल म्हणजे काय

चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेस सुरू होताना तिच्या हातात एक यादी दिली जाते, नाव आणि किंमत अशा जोड्यांची. ‘होम’ या नावापुढे तुमच्या फोल्डरचा पत्ता असतो. ‘लँग’ पुढे भाषा असते. ‘पाथ’ पुढे फोल्डरांची एक रांग असते, मध्ये कोलन देऊन लिहिलेली. तुम्ही कमांड दिली की ती या फोल्डरांत डावीकडून उजवीकडे शोधली जाते आणि जिथे पहिली सापडेल तिथली चालते. अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ही पद्धत लिनक्सपेक्षा जुनी आहे. ती 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली, आणि लिनक्सचा जन्म 1991 चा.

आणखी दोन शब्द लागतील. तुमच्या कमांड घेऊन त्या पार पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. बहुतेक लिनक्सवर ते बॅश असतं. लॉगइन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंतचा काळ म्हणजे सेशन.

यादी उतरवून घेतली जाते, तीही फक्त निघताना

फोंड्याकडचं एखादं जुनं, मोठं घर डोळ्यांसमोर आणा. चवथीच्या आधी घरातली माणसं कामांना बाहेर पडताहेत. बल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, भिंतीवर एक यादी लावली आहे: माटोळीचं सामान कुठून आणायचं, भटजींना निरोप कुठे द्यायचा, पैसे कुणाकडून घ्यायचे. जो निघतो तो ती यादी उतरवून घेतो आणि जातो.

तो गेल्यावर तुम्ही भिंतीवरच्या यादीत बदल केला, तर वाटेत असलेल्या माणसाला ते कळत नाही. त्याच्या खिशात जुनीच प्रत असते. त्याने बाजारात आणखी कुणाला कामाला पाठवलं, तर तो आपल्या प्रतीवरून त्याला उतरवून देतो. आणि बाहेर गेलेला माणूस आपल्या प्रतीत काहीही खोडो, भिंतीवरची यादी तशीच राहते. व्हेरिएबल्सचं नेमकं असंच चालतं. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते तेव्हा आपल्या यादीची नक्कल देते. चालू असलेल्या प्रोसेसची यादी बाहेरून बदलता येत नाही, आणि जन्माला आलेली प्रोसेस आपल्या आईची यादी बदलू शकत नाही.

म्हणून टर्मिनलच्या एका खिडकीत तुम्ही ‘एक्सपोर्ट’ करून व्हेरिएबल दिलंत, तरी दुसऱ्या खिडकीला त्याचा पत्ता लागत नाही. फाइलीत बदल करून आधीच उघडलेल्या लिबरऑफिसकडे बघत बसणंही व्यर्थ आहे. ते बंद करून उघडावं लागतं, आणि पुष्कळदा सेशनच नव्याने सुरू करावं लागतं.

या घराला दारं मात्र अनेक आहेत, आणि दारागणिक यादी वेगळी आहे. सगळा घोळ इथून सुरू होतो.

दारं कुठली?

पासवर्ड टाकून आत येताना पॅम नावाची यंत्रणा ईटीसी या सिस्टमच्या सेटिंगच्या फोल्डरातली ‘एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल वाचते. ही यादी सर्वांसाठी असते.

लॉगइन शेल सुरू झालं की ते आधी ईटीसीतली ‘प्रोफाइल’ वाचतं. मग तुमच्या होम फोल्डरात ‘डॉट बॅश_प्रोफाइल’, ‘डॉट बॅश_लॉगइन’ आणि ‘डॉट प्रोफाइल’ या तीन फाइली याच क्रमाने शोधतं. जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

नुसती टर्मिनलची खिडकी उघडली तर तिथलं शेल लॉगइन शेल नसतं. ते ‘डॉट बॅशआरसी’ वाचतं.

पडद्यावरची खिडक्यांची व्यवस्था जुन्या एक्स पद्धतीची असेल तर ‘डॉट एक्सप्रोफाइल’ किंवा डेबियन-उबंटूत ‘डॉट एक्ससेशनआरसी’ वाचली जाते. आणि 2017 पासून सिस्टमडीने, म्हणजे लिनक्समधले प्रोग्रॅम सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाने, स्वतःचं दार उघडलं आहे: होममधल्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरात ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’ नावाचं फोल्डर करायचं आणि त्यात ‘डॉट कॉन्फ’ शेवट असलेली फाइल ठेवायची.

एवढी दारं कुणी मुद्दाम आखून ठेवली नाहीत. गरज पडेल तशी एकेक निघत गेली, आणि जुनी बुजवली तर कुणाचं तरी काम अडेल म्हणून तीही राहिली.

मग अपग्रेडने नेमकं काय हललं?

सगळ्यात मोठा बदल म्हणजे खिडक्यांची जुनी एक्स पद्धत जाऊन वेलँड ही नवी पद्धत आली. उबंटू 20.04 मध्ये लॉगइन केलं की सरळ एक्सचं सेशन सुरू व्हायचं. 22.04 मध्ये बहुतेक संगणकांवर ते वेलँडचं झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या, केडीई या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा 6 आवृत्तीनेही वेलँडलाच पहिला मान दिला. लॉगइनचा पडदा जवळपास तोच, पार्श्वभूमीचं चित्रही तेच, म्हणून वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. पण वेलँड ‘डॉट एक्सप्रोफाइल’ आणि ‘डॉट एक्ससेशनआरसी’ वाचतच नाही. यादी बल्कांवात लावलेली आहे आणि माणसं आता मागीलदाराने निघताहेत.

दुसरी खोच जास्त फसवी आहे. उबंटूच्या एक्स सेशनमध्ये लॉगइनची यंत्रणा ‘डॉट प्रोफाइल’ ही फाइल नावाने शोधून वाचायची. वेलँडच्या सेशनमध्ये ती तुमच्या शेललाच लॉगइन शेल म्हणून चालवते, आणि बॅश आपल्या क्रमाने जातं. आता समजा, मागे कधीतरी एखाद्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरने तुमच्या होममध्ये ‘डॉट बॅश_प्रोफाइल’ करून ठेवली आहे, आत एकच ओळ. एक्स असेपर्यंत ती कुणाच्या आड आली नाही. वेलँड आल्यावर बॅशला ती आधी सापडते आणि ‘डॉट प्रोफाइल’मधलं सगळं न वाचता राहतं. तुम्ही ‘डॉट प्रोफाइल’ उघडून दहादा वाचलीत तरी तिच्यात चूक सापडणार नाही, कारण तिच्यात चूक नाहीच.

तिसरं, काही दारं खरोखर बंद होत आली आहेत. होममधली ‘डॉट पॅम_एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल एके काळी उबंटूवाले आवर्जून सुचवायचे. लिनक्स-पॅमच्या 2020 सालच्या 1.5.0 आवृत्तीपासून ती वाचण्याची सोय कालबाह्य ठरवली आहे. वापरणाऱ्याच्या हातातली फाइल लॉगइनच्या संवेदनशील टप्प्यावर वाचायची, हे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं. तुमची व्हेरिएबल्स तिथे असतील तर चालत असताना हलवा.

डेबियनवाल्यांसाठी आणखी एक. 2019 च्या डेबियन 10 मध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होण्याची ‘एसयू’ ही कमांड दुसऱ्या पॅकेजमधून येऊ लागली. नुसतं ‘एसयू’ दिलं तर पूर्वी रूटचा ‘पाथ’ मिळायचा. आता तुमचाच जुना ‘पाथ’ पुढे चालू राहतो. म्हणून रूट होऊनही ‘ॲडयूजर’ सापडत नाही. ‘एसयू’नंतर एक आडवी रेघ दिली की रूटचं लॉगइन शेल उघडतं आणि सगळं जागेवर येतं.

काही वेळा व्हेरिएबल अगदी नीट पोचतं, पण ते दाखवतं ती जागाच उरलेली नसते. उबंटू 20.04 मध्ये पायथन 3.8 होतं, 22.04 मध्ये 3.10, 24.04 मध्ये 3.12. ‘पायथनपाथ’मध्ये 3.8 चं फोल्डर लिहून ठेवलं असेल तर अपग्रेडनंतर तो पत्ता निरुपयोगी होतो. ‘जावा_होम’चंही तसंच: 22.04 चं ठरलेलं जावा 11, 24.04 चं 21. जुनं जावा काढून टाकलं गेलं असेल तर व्हेरिएबल नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतं.

शेवटचं कारण साधं आहे, म्हणूनच निसटतं. अपग्रेडनंतर संगणक पुन्हा सुरू होतो. महिनोन्महिने चालू असलेल्या सर्व्हरवर कुणीतरी हाताने ‘एक्सपोर्ट’ करून काम भागवलेलं असतं. ते कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नसतं. रीबूट झालं की ते जातं, आणि आळ अपग्रेडवर येतो.

अपग्रेडने माझ्या फाइली पुसल्या असतील का?

तुमच्या होम फोल्डरातल्या ‘डॉट बॅशआरसी’, ‘डॉट प्रोफाइल’ या फाइलींना उबंटू-डेबियनचं अपग्रेड हात लावत नाही. त्या तुमचं खातं उघडताना एकदाच, ईटीसीतल्या ‘स्केल’ या फोल्डरातून, नक्कल होऊन येतात.

ईटीसीतल्या फाइलींची गोष्ट वेगळी. तिथली एखादी फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदललेली असेल, तर अपग्रेड मध्येच थांबून विचारतं: तुमची ठेवू की पॅकेजवाल्याची घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. घाईघाईत वाय दाबलं तर नवी बसते, पण जुनी फेकली जात नाही. तीच फाइल शेवटी ‘डीपीकेजी-ओल्ड’ असं नाव लागून शेजारीच असते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात अशाच प्रती ‘आरपीएमसेव्ह’ आणि ‘आरपीएमन्यू’ या शेपटाने ठेवल्या जातात. ईटीसीमध्ये या शेपटांच्या फाइली शोधून त्यांची नव्याशी तुलना करा. रूटच्या अधिकाराने कमांड चालवून देणाऱ्या सुडोची ‘सुडोअर्स’ किंवा क्रॉनची ‘क्रॉनटॅब’ अशा वेळी सापडते.

पण टर्मिनलमध्ये तर दिसतंय!

हा आक्षेप हमखास येतो. टर्मिनलमध्ये ‘एको’ केलं की किंमत नीट छापली जाते, मग मेनूतून उघडलेल्या प्रोग्रॅमला का मिळत नाही?

कारण टर्मिनलमधलं शेल ‘डॉट बॅशआरसी’ वाचून आलेलं आहे. मेनूतून उघडलेला प्रोग्रॅम टर्मिनलमधून जन्माला येत नाही. त्याला जन्म देते डेस्कटॉपची प्रोसेस, आणि तिने ‘डॉट बॅशआरसी’ पाहिलेलीच नसते. तुम्ही एका दाराची यादी वाचताय आणि माणूस दुसऱ्याच दाराने गेला आहे.

शिवाय ‘एको’ स्वतःच फसवतं. शेलमध्ये तुम्ही नुसतं नाव-किंमत लिहिलंत, आधी ‘एक्सपोर्ट’ लावलं नाही, तर ते शेलपुरतं राहतं आणि पुढे कुणाला दिलं जात नाही. ‘एको’ ते तरीही छापतं. म्हणून ‘प्रिंटएन्व्ह’ आणि पुढे व्हेरिएबलचं नाव अशी कमांड द्या. पुढे जाणाऱ्या यादीत नसेल तर ती काहीच छापत नाही.

आधी पुरावा, मग दुरुस्ती

मी कुठलाही उपाय करण्याआधी तीन गोष्टी बघतो.

पहिली, सेशन कुठलं आहे. ‘प्रिंटएन्व्ह’पुढे ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं की उत्तर येतं ‘वेलँड’ किंवा ‘एक्स11’. निम्मी कोडी इथेच सुटतात.

दुसरी, अडलेल्या प्रोग्रॅमच्या खिशात खरोखर काय आहे. हे पाहता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. ‘पीग्रेप’ने त्या प्रोसेसचा क्रमांक काढा, लिबरऑफिससाठी ‘सॉफिस’ शोधायचं. मग ‘पीएस’, एक जागा सोडून ‘ईडब्ल्यूडब्ल्यू’ ही तीन अक्षरं, आणि पुढे तो क्रमांक. प्रोसेस सुरू होताना तिला मिळालेली सगळी यादी पडद्यावर येते, दाटीवाटीने, पण पूर्ण. तुमचं व्हेरिएबल तिच्यात नसेल तर प्रश्न ‘पोचलं नाही’ हा आहे. असेल आणि तरी प्रोग्रॅम अडत असेल, तर प्रश्न किमतीचा आहे: तिथे लिहिलेलं फोल्डर अस्तित्वात आहे का ते पाहा.

तिसरी, डेस्कटॉपच्या वतीने सिस्टमडीकडे असलेली यादी. ‘सिस्टमसीटीएल’, मग दोन आडव्या रेघा आणि ‘यूजर’, मग ‘शो-एन्व्हायर्नमेंट’. अलीकडच्या नोम या डेस्कटॉपमध्ये बरेचसे प्रोग्रॅम, टर्मिनलची खिडकीसुद्धा, या व्यवस्थापकाच्या हाताखाली सुरू होतात. त्यामुळे इथे जे नाही ते त्यांना मिळण्याची शक्यता कमी.

एवढं करूनही एखादी किंमत कुठून येते ते कळत नसेल, तर ‘बॅश’, मग आडवी रेघ आणि ‘एलआयएक्ससी’ ही चार अक्षरं, मग ‘एक्झिट’ अशी कमांड द्या. लॉगइनच्या वेळी वाचलेली ओळ न् ओळ बॅश पडद्यावर टाकतं, आणि कुठली फाइल वाचली गेली, कुठली नाही, याचा वाद मिटतो.

डिचोलीतल्या वाचनालयाचा संगणक

डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात केडीई असलेला संगणक आहे. ग्रंथपाल बाई त्यावर नव्या पुस्तकांची यादी, वर्गणीदारांची पत्रं, व्याख्यानमालेची निमंत्रणं मराठीत टाइप करतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, आयबस या प्रोग्रॅममधून. आयबसला कळफलक आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभं करणाऱ्या तीन ओळी कुणीतरी पूर्वी ‘डॉट एक्सप्रोफाइल’मध्ये लिहून ठेवल्या होत्या: खिडक्या-बटणांच्या जीटीके या संचावर बांधलेल्या प्रोग्रॅमसाठी एक, क्यूटी या दुसऱ्या संचावर बांधलेल्यांसाठी एक, आणि ‘एक्समॉडिफायर्स’ हे जुन्या एक्स प्रोग्रॅमसाठी. केडीईत लिबरऑफिस बहुधा क्यूटीच्या आधाराने चालतं, म्हणून मधली ओळ महत्त्वाची.

प्लाझ्मा 6 वर गेल्यावर बाईंनी फोन केला. “खाली कोपऱ्यात मराठी दाखवतं, पण पानावर इंग्रजीच उमटतं.” त्याआधी आयबस काढून पुन्हा घालून झालं होतं, फॉन्टही बदलून पाहिले होते. फॉन्टचा इथे संबंध नव्हता. फॉन्ट नसता तर चौकोन दिसले असते, इंग्रजी अक्षरं नव्हे.

सेशन निघालं वेलँड. लिबरऑफिसच्या प्रोसेसची यादी काढली तर तिन्हीपैकी एकही व्हेरिएबल तिच्यात नव्हतं. ‘डॉट एक्सप्रोफाइल’ मात्र होती तशी होती, तिन्ही ओळी शाबूत.

इथे पटकन सुचणारा उपाय म्हणजे त्या ओळी उचलून ‘डॉट प्रोफाइल’मध्ये टाकणं. कदाचित चाललंही असतं. पण वेलँडमध्ये आयबसला प्रोग्रॅमपर्यंत पोचायला वेगळी, थेट वाट दिलेली आहे. केडीईच्या सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर ‘आयबस वेलँड’ निवडायचं, एवढंच. ती वाट चालू असताना जीटीके आणि क्यूटीच्या जुन्या ओळी मध्ये आणल्या तर उलट अडथळा होतो, आणि आयबसच्या नव्या आवृत्त्या तशी सूचनाही दाखवतात. म्हणून त्या दोन ओळी सोडून दिल्या. ‘एक्समॉडिफायर्स’ तेवढं ठेवलं, वेलँडवर अजूनही एक्सच्या आधाराने चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी. ते ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘प्लाझ्मा-वर्कस्पेस’च्या ‘एन्व्ह’ फोल्डरात ‘डॉट एसएच’ फाइल करून लिहिलं. ते केडीईचं स्वतःचं दार आहे.

अपग्रेडनंतर व्हेरिएबल हरवलं तर ते परत आणायचं कसं हे विचारण्याआधी ते अजून लागतं का हे विचारायला हवं. पूर्वी व्हेरिएबलने भागवलेल्या कितीतरी गोष्टी आता सेटिंगच्या पानावर आल्या आहेत.

तीच ओळ सगळ्या फाइलींत टाकली तर?

इंटरनेटवर असा सल्ला पुष्कळ मिळतो, आणि एकदा चालून जातो म्हणून पसरतो. मी याच्या ठाम विरोधात आहे. ‘पाथ’ची ओळ तीन ठिकाणी असली की तीच फोल्डरं यादीत तीनदा येतात, त्याने फारसं बिघडत नाही. पण उद्या तुम्ही एका ठिकाणी किंमत बदलता, बाकी दोन तशाच राहतात, आणि कुठली शेवटी वाचली जाते त्यावर निकाल ठरतो. मग टर्मिनलमध्ये एक जावा आणि मेनूतून दुसरं, असं होतं.

शिवाय प्रत्येक फाइलीची लिहिण्याची रीत वेगळी आहे. ‘डॉट प्रोफाइल’ ही शेलची स्क्रिप्ट आहे, तिथे ‘एक्सपोर्ट’ लागतं. ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’मध्ये ‘एक्सपोर्ट’ नको, पण डॉलर आणि महिरपी कंस वापरून आधीची किंमत घेता येते. ईटीसीतल्या ‘एन्व्हायर्नमेंट’मध्ये डॉलर चालतच नाही. तिथे कुणी ‘पाथ’ बरोबर ‘डॉलर पाथ, कोलन, नवं फोल्डर’ असं लिहिलं, तर जुनी किंमत न येता ती अक्षरंच ‘पाथ’ म्हणून बसतात. मग ‘एलएस’सुद्धा सापडत नाही आणि वापरणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. तसं काही झालेलं नसतं. कमांड जागेवरच असतात, फक्त त्यांचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो: ‘यूएसआर’ आणि ‘बिन’ फोल्डरांसकट ‘सुडो’ आणि ‘नॅनो’ लिहा, फाइल उघडा, ओळ सुधारा, लॉगआउट करा.

माझ्या मते घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकाला दोनच जागा पुरतात. नोम असेल तर ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’, केडीई असेल तर वरचं ‘एन्व्ह’ फोल्डर. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमना लागणारं सगळं तिथे. आणि फक्त टर्मिनलच्या कामाचं असेल ते ‘डॉट बॅशआरसी’त. बदल केल्यावर संगणक रीस्टार्टच करा. लॉगआउट करून लगेच परत आलात तर सिस्टमडीचा तुमचा व्यवस्थापक काही सेकंद जुनाच जिवंत असतो आणि जुनी यादी पुढे देतो.

सुडो, क्रॉन आणि सर्व्हिस

ही तीन दारं मुद्दाम अरुंद ठेवलेली आहेत. ‘सुडो’ तुमची बहुतेक यादी काढून घेतं आणि ‘पाथ’च्या जागी ‘सुडोअर्स’मधला ‘सिक्युअर_पाथ’ देतं. हे जाचक वाटतं, पण तुमच्या ‘पाथ’मध्ये कुणी घुसवलेला खोटा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालू नये म्हणून ते आहे. ते ढिलं करू नका.

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्रॅम. तो तुमच्या होममधल्या कुठल्याच शेल-फाइली वाचत नाही, आणि त्याचा ‘पाथ’ सहसा दोनच फोल्डरांचा असतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा आणि लागणारं व्हेरिएबल स्क्रिप्टच्या डोक्यावरच द्या. स्क्रिप्टमध्ये ‘डॉट बॅशआरसी’ ओढून घेण्याचा आडमार्ग उबंटूत चालत नाही. त्या फाइलीच्या सुरुवातीलाच, समोर माणूस नसेल तर पुढे वाचू नये, अशी अट आहे. तुमची ओळ तिच्या खाली असते.

सिस्टमडीच्या सर्व्हिसला, म्हणजे पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला, तिच्या स्वतःच्या फाइलीत ‘एन्व्हायर्नमेंट’ची ओळ द्यायची, मग ‘डेमन-रीलोड’ आणि रीस्टार्ट.

विंडोजमध्ये हा त्रास नव्हता

होता, फक्त दारं कमी होती. विंडोज व्हेरिएबल्स रजिस्ट्रीत एका जागी ठेवतं आणि त्यांच्यासाठी खिडकीही देतं, ही सोय मान्य करायला हवी. पण तिथेही बदल आधीच उघडलेल्या प्रोग्रॅमला कळत नाही. कमांड प्रॉम्प्ट बंद करून उघडावा लागतो. नक्कल निघतानाच मिळते, हा नियम तिथेही आहे.

पुढच्या अपग्रेडच्या आधी

अपग्रेडचं बटण दाबण्यापूर्वी टर्मिनलमध्ये ‘एन्व्ह’ची यादी ‘सॉर्ट’मधून काढून एका फाइलीत साठवा, आणि ‘सिस्टमसीटीएल’च्या ‘शो-एन्व्हायर्नमेंट’ची दुसऱ्या फाइलीत. होममधल्या डॉटने सुरू होणाऱ्या फाइलींची आणि ईटीसीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मराठी टायपिंग सध्या कशावर चाललंय तेही लिहून ठेवा: आयबस की फसीटेक्स, इन्स्क्रिप्ट की फोनेटिक.

अपग्रेड झालं की त्याच दोन याद्या पुन्हा काढा आणि ‘डिफ’ने जुन्याशी ताडून पाहा. बऱ्याच ओळी वेगळ्या दिसतील. सेशनचा क्रमांक, डीबसचा पत्ता, एसएसएच एजंटचं सॉकेट या गोष्टी बदलायच्याच असतात, त्या सोडून द्या. ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ बदललं असेल तर एक्सच्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली एकदा उघडून बघा. ‘पाथ’मधून एखादं फोल्डर गळलं असेल तर होममध्ये ‘डॉट बॅश_प्रोफाइल’ आहे का ते पाहा. असेल आणि तिच्यात वेगळं काही नसेल, तर तिच्यातली ओळ ‘डॉट प्रोफाइल’मध्ये घेऊन ती फाइल बाजूला करा. आणि ज्या व्हेरिएबलच्या किमतीत 3.8, 11 असा आवृत्तीचा आकडा दिसेल, त्याचं फोल्डर ‘एलएस’ करून जागेवर आहे का ते तपासा. नसेल तर नवा पत्ता लिहा, किंवा आकडा नसलेला पत्ता द्या. जावासाठी उबंटू ‘डीफॉल्ट-जावा’ नावाचा असा पत्ता स्वतःच तयार ठेवतं आणि अपग्रेडनंतर तो नव्या आवृत्तीकडे वळवतं.